दुकानातल्या पीसीवरचं विंडोज १० संपलं, लिनक्स टाकू का? आणि लोकांच्या आधार कार्डांचं काय करू?

झेरॉक्स_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म असलं दुकान आहे माझं. तीन पीसी आहेत, तिन्ही आय-थ्री चौथ्या जनरेशनचे, ४ जीबी रॅम, एकात एसएसडी टाकलीय, बाकी दोन जुन्या हार्ड डिस्कवरच रेटतायत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासनं स्क्रीनवर ते नवीन पीसी घ्या नवीन पीसी घ्या चालूच आहे, मी आपलं बंद करतोय नि काम करतोय. ११ बसत नाही कारण त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासनं पुढचा प्रोसेसर लागतो नि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमच्याकडं दोन्ही नाही. हार्डवेअरवाला म्हणतो दादा ते चेकिंग बायपास करून ११ टाकून देतो. भाचा वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा लिनक्स मिंट टाकूया, विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम आहे, फुकट आहे आणि तुमच्यावरची हेरगिरी पण बंद होईल.

खरं सांगू का, मला हेरगिरीचं काय वाटत नव्हतं. माझ्या पीसीत कुणी बघावं असं आहे काय, हॉल तिकिटं नि लाइट बिलं. पण मध्यंतरी एक बाई आल्या, शिक्षिका असाव्यात बहुतेक, बँकेसाठी आधार-पॅनची प्रिंट पाहिजे होती. दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं, मी प्रिंट दिली, पैसे घेतले, तरी बाई जाईनात. म्हणाल्या आता हे डिलीट करा. केलं. मग म्हणाल्या रिसायकल बिन. ते पण केलं. मग व्हॉट्सॲप वेबमधलं. ते पण केलं, तोवर मागं पोरं लाइन लावून उभी, ती पण वाकून बघायला लागली. मग म्हणाल्या, "आणि त्या मोबाइलमधलं?" मोबाइल तिथंच चार्जिंगला लावलेला. गॅलरी उघडली तर त्यांचं आधार होतंच, वर खाली बोट फिरवलं तर नुसती आधारं, पासबुकं, मार्कशीट, जातीचे दाखले, कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद. बाई काय बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या.

तर आता विचारायचंय ते असं की लिनक्स टाकल्यानं हे सुटतं का? प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, सरकारी साइट हे सगळं चालतं का? आणि लोकांचे कागद आपल्याकडं साठू नयेत म्हणून कुणी काय करतं का? जाणकारांनी सांगा, इंग्रजी व्हिडिओच्या लिंका नकोत.

टर्मिनल_टग्या (कराड)

दादा तुमच्या भाच्याला माझ्याकडनं एक स्पेशल चहा!! पोरगं लायनीवर आहे.

डोळे झाकून मिंट घ्या, एक्सएफसीई म्हणून हलकी एडिशन आहे ती, त्याला २ जीबी रॅम पण चालती, ४ असंल तर पळतंय. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट हायत, म्हणजे तोवर कोण तुम्हाला नवीन पीसी घे म्हणून डोकं खाणार नाही. पेन ड्राइव्हवर टाका आणि त्याच्यावरनंच चालू करून बघा, हार्ड डिस्कला हात पण लागत नाही, आवडलं तर इन्स्टॉल करायचं नाय तर पेन ड्राइव्ह काढला की विंडोज परत जागच्या जागी.

आणि विंडोज ११ च्या नादाला लागूच नका, ते दर काही सेकंदाला तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवतंय, रिकॉल म्हणत्यात त्याला. म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाचं आधार उघडलं की त्याचा पण फोटो साठला. लिनक्समध्ये असलं काय करायचं म्हणलं तर कोड सगळ्या जगासमोर उघडा आहे, कोण ना कोण पकडणारच. केरळात सरकारी शाळांत कितीतरी वर्षं उबंटू या लिनक्सच्याच प्रकारावरच्या सिस्टिम चालतायत, तिथली पोरं काय अडली नाहीत. आपल्याकडं कॉम्प्युटर क्लास म्हणजे विंडोज नि ऑफिस, त्यामुळं लिनक्स म्हणलं की लोकं काळी स्क्रीन नि हॅकर असलं कायतरी डोक्यात आणत्यात. अहो तुमच्या त्या चार्जिंगला लावलेल्या अँड्रॉइडच्या पोटात पण लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा हाय!

मी स्वतः आर्च वापरतो, लिनक्सचाच एक प्रकार. (सांगणार नव्हतो, पण राहवत नाही.)

पेजमेकर_काका (सांगली, गावभाग)

टग्या, तुझं सगळं बरोबर आहे पण तुला दुकान चालवायचं नाही. दिवाळीच्या आधी नि लग्नसराईत माझ्या दारात लोक उभे असतात, तेव्हा मी टर्मिनल उघडून कमांड टाइप करत बसू काय?

दादा, माझा डीटीपीचा धंदा आहे, आधी माझी अडचण सांगतो मग तुमचं बघा. कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. पेजमेकर तर अडोबीनंच कधीचं सोडलं, तरी गावातल्या अर्ध्या लग्नपत्रिका अजून त्याच्यातच आहेत, नवऱ्याचं नाव बदलायचं नि तारीख बदलायची. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली फाइल दुसरीकडं उघडली की 'श्री गजानन प्रसन्न' च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखंच दिसणारं, नाहीच. टॅली पण विंडोजचंच. वाइन म्हणून एक प्रकार आहे त्याच्यात विंडोजची काही सॉफ्टवेअर चालतात, मी करून बघितलं, फाइल उघडली पण मराठी जोडाक्षरं तुटायला लागली. गिऱ्हाइकाच्या पोरीच्या लग्नात मी तो प्रयोग करणार नाही.

पण तुमचं तसलं काम दिसत नाही. नुसतं ब्राउझर नि पीडीएफ असंल तर तुम्हाला अडचण कमी येईल. एक मात्र आधी तपासा, अंगठ्याचं मशीन असेल तर ते. आमच्या शेजारच्याचं लिनक्सवर ओळखलंच नाही, त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज नि अँड्रॉइडचं दिलेलं.

सातारी_रूट

मी साताऱ्यात एका कारखान्याच्या ऑफिसचं नेटवर्क बघतो, पीसी विंडोजचे नि सर्व्हर लिनक्सचे, त्यामुळं मला दोन्हीकडचे लोक शिव्या घालतात. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा टग्याचं थोडं दुरुस्त करतो, रागावू नको भावा. रिकॉल हे सगळ्या विंडोज ११ वर नसतं. ते फक्त कोपायलट प्लस म्हणून जे नवीन पीसी येतात त्यांच्यावर, ज्यांना एआयचा वेगळा प्रोसेसर नि १६ जीबी रॅम लागते. मे २०२४ ला जाहीर केलं तेव्हा एवढी बोंब झाली की मायक्रोसॉफ्टला ते मागं घेऊन, आपण चालू केलं तरच चालू होईल असं करून परत आणावं लागलं. दादांच्या चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीवर ते स्वप्नात पण येणार नाही. विंडोजबद्दल तक्रार करण्यासारखं भरपूर आहे, जे नाही ते कशाला सांगायचं, मग लोक जे आहे त्याच्यावर पण विश्वास ठेवत नाहीत.

आणि कोड उघडा आहे म्हणून कोण ना कोण पकडणारच, हे पण एवढं सरळ नाही. मार्च २०२४ ला एक्सझेड म्हणून छोट्या लायब्ररीत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमवून मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं होतं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड म्हणून एक इंजिनिअर, त्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद उशीर लागतोय असं दिसलं नि तो खोदत गेला. कोड उघडा होता म्हणून खोदता आलं हे खरंच, पण तो माणूस नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहे ही त्यातली गंमत. आणि २०१२ ला खुद्द उबंटूनं, तुम्ही तुमच्याच पीसीवरची फाइल शोधायला शब्द टाकला तरी तो त्यांच्या सर्व्हरकडं पाठवून वर ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केलेली. लोक चिडले, १६.०४ पासनं ते मुळातनं बंद ठेवलं. म्हणजे लिनक्सवाले काय सगळे संत नाहीत, पण तिथं चिडलेल्या माणसाला दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, घेऊन बाहेर पडता येतं, हा फरक मोठा आहे.

आता दादा तुमचं. बायपास करून ११ टाकू नका, ते चालतं पण पुढं अपडेट येतीलच अशी खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज, तर अजिबात नको, त्या ॲक्टिव्हेटरचं पहिलं वाक्यच 'अँटीव्हायरस बंद करा' असं असतं आणि तुमच्या त्या पीसीत अख्ख्या विश्रामबागची आधारं आहेत. दोन पीसी मिंटवर घ्या. अंगठ्याचं मशीन नि जे काय विंडोजशिवाय हलत नाही ते एसएसडीवाल्या पीसीवर ठेवा आणि त्याला विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट घ्या, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडावं लागतं. म्हणजे हेरगिरी नको म्हणून पळायचं नि अपडेटसाठी अकाउंट उघडायचं, असं आहे ते. त्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब उघडायचं नाही, एवढी शिस्त पाळा.

मिंट टाकताना इन्स्टॉलर विचारतो त्यात ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय घ्या. सुरू करताना एक पासवर्ड जास्त टाकावा लागतो एवढंच. चोरी झाली, डिस्क बिघडली, पीसी भंगारात गेला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. सांगलीकरांना हे मी काय सांगू, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात गेलेले किती सीपीयू भंगारवाल्यानं उचलले आणि त्यातल्या डिस्क कुणी पुसल्या होत्या?

डाउनलोडचा फोल्डर रॅममध्ये ठेवता येतो, टीएमपीएफएस म्हणतात, भाच्याला सांगा, एका ओळीचं काम आहे. ५०० एमबीची मर्यादा घाला. पीसी बंद केला की सगळं गेलं, पुसायचं विसरलं असं होतच नाही. गिऱ्हाईक स्वतः बसून काम करत असेल तर मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, तो उठला, लॉगआउट केलं की त्यानं उघडलेलं मेल नि फाइल सगळं साफ.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. लिनक्सवर प्रिंट मारायचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि कप्स छापून झालेली फाइल मुळातल्या सेटिंगप्रमाणे एक दिवस स्वतःकडं ठेवतं, परत प्रिंट मारायची वेळ आली तर असावी म्हणून. विंडोज साधारण छापून झालं की स्पूलमधनं, म्हणजे प्रिंटच्या रांगेतनं, काढून टाकतं. म्हणजे तुम्ही लिनक्सवर गेलात नि डाउनलोड साफ केलात तरी आज दिवसभर छापलेली आधारं स्पूलमध्ये पडलेलीच असणार. कप्सच्या कॉन्फिग फायलीत 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' ला 'नो' करायचं नि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. आणि ते मोठं झेरॉक्स मशीन, जे स्कॅन नि प्रिंट दोन्ही करतं, त्यात पण बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. विकायच्या आधी ती पुसायची.

आता तो मोबाइल. तुमचा खरा प्रॉब्लेम तो आहे, पीसी नाही, आणि तिथं मिंट काय करू शकत नाही. नवीन घर घेतलं म्हणून जुन्या घरातला कचरा आपोआप बाहेर जात नाही तसं आहे. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डिफॉल्ट मेसेज टायमर २४ तास करा, म्हणजे नवीन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं चॅट आपोआप उडत राहील. पण गॅलरीत उतरलेला फोटो त्यानं जात नाही, म्हणून मीडिया ऑटो-डाउनलोड नि गॅलरीत दाखवायचं दोन्ही बंद करा. मग बॅकअप बघा. चॅट बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल तर लोकांची आधारं तुमच्या नावच्या ड्राइव्हवर चाललीत, आणि तो बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करायचा पर्याय २०२१ पासनं आहे पण तो आपण हातानं चालू करावा लागतो. दुकानाच्या नंबरला बॅकअपच कशाला पाहिजे? बंदच करा.

कंदी_पेढा

एवढं सगळं कशाला राव. आधार कुठं नाही सांगा, हॉटेलात, सिमकार्डवाल्याकडं, गॅस एजन्सीत, सोसायटीत. सरकारला पाहिजे असंल तर सरकार बघणारच आहे आणि कंपनीला पाहिजे असंल तर कंपनी. आपल्यासारख्याला कोण बघतंय? माझ्याकडं लपवायला काय नाय.

टर्मिनल_टग्या (कराड)

@कंदी_पेढा मग तुमचा मोबाइल अनलॉक करून मला द्या की पाच मिनिटं

@सातारी_रूट रिकॉलचं मान्य दादा, पण आज ते नवीन पीसीवर आहे, उद्या सगळे पीसी नवीनच होणार की. आणि कप्सचं मला पण माहीत नव्हतं, घरी बघितलं, कालची सगळी प्रिंट तशीच बसलेली. नाद खुळा.

कलम_एकवीस (मिरज)

कंदी_पेढा यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

सरकारी पाळतीचं म्हणाल तर ती आहेच. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली २० डिसेंबर २०१८ ला गृहमंत्रालयानं दहा यंत्रणांना कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती बघायचे अधिकार देणारा आदेश काढला होता. २०२१ ला पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आलं, सुप्रीम कोर्टाच्या समितीकडं २९ फोन तपासायला आले, ५ मध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. या असल्या गोष्टींपुढं तुमचं मिंट काय किंवा टग्याचं आर्च काय, फारसं पुरं पडणार नाही, तिथं कोर्ट, संसद नि लोकांची ओरड हेच चालतं. आणि ओरड चालते, हे पण खरं आहे. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला प्रत्येक नवीन मोबाइलमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश बाहेर आला, दोन-तीन दिवस गदारोळ झाला नि ३ तारखेला सक्ती मागं घेतली. ॲप वाईट आहे असं नाही हं, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते त्या पोर्टलवर बघता येतं, सगळ्यांनी एकदा बघाच. मुद्दा सक्तीचा होता.

पण दादांच्या गॅलरीतल्या आधारला सरकार लागतच नाही. ते घेऊन दुसऱ्याच्या नावावर सिम काढणारा किंवा कर्ज उचलणारा एक भुरटा पुरतो, नि त्याला पेगॅसस विकत घ्यावं लागत नाही, दुकानातला मोबाइल हातात आला की झालं. 'लपवायला काय नाही' हे वाक्य पहिल्या प्रकाराला बोलतात लोक आणि फसतात दुसऱ्या प्रकारात.

कायद्याचं थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. त्यानंतर २०२३ ला डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, आणि डेटा सांभाळणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. सुरक्षेची नीट काळजी न घेतल्यामुळं डेटा फुटला तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी आहे. झेरॉक्सच्या दुकानावर कुणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका, पण कामापुरता डेटा घ्यायचा नि काम झालं की पुसायचा ही दिशा कायद्यानं धरलीय, तुम्ही आधीच धरा. (त्याच कायद्यात सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे, त्यावर वेगळा धागा काढू, इथं भांडणं होतील.)

आणि सातारी_रूट यांच्या गेस्ट सेशनला एक पुरवणी. गिऱ्हाईक स्वतः पीसीवर बसून नेट वापरत असेल तर २०११ च्या सायबर कॅफे नियमांचा प्रश्न येतो, त्यात ओळखपत्र बघून नोंद करायची नि ते रजिस्टर किमान एक वर्ष ठेवायचं असं आहे, कुठल्या साइट बघितल्या त्याची नोंद पण. म्हणजे सगळंच पुसून मोकळं असं तिथं करता येत नाही. तुम्ही स्वतः फॉर्म भरून देता ते काम वेगळं, त्यात लोकांचे कागद ठेवायचं काहीच कारण नाही. कुठलं काम कशात बसतं ते एकदा स्थानिक वकिलाला विचारून घ्या.

लोकांना मास्क्ड आधार काढून द्यायची सवय लावा. पहिले आठ आकडे झाकलेले नि शेवटचे चार दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो, शिवाय बायोमेट्रिक लॉक करायची सोय पण तिथंच आहे.

पेजमेकर_काका (सांगली, गावभाग)

मास्क्ड आधार ऐकायला बरं वाटतं. परवा एका ऑफिसात माझ्या पुतण्यानं दिलं तर खिडकीतला माणूस म्हणतो 'हे झाकलेलं चालत नाही, पूर्ण आणा, दोन झेरॉक्स, सही करून'. त्याच्याशी पुट्टस्वामी बोलत बसू का? पोरगं दोन वाजता तिथनं निघालं, माझ्याकडं आलं, पूर्ण आधारची प्रिंट काढली नि परत गेलं.

भंगाराचं मात्र रूट बरोबर बोलले. आमच्या गल्लीत पाणी उतरल्यावर चिखलातनं सीपीयू काढून किलोवर दिलेत लोकांनी. डेटा बिटा कुणाच्या डोक्यात होता तेव्हा, मेडिकलवाल्याचा होता, पतसंस्थेच्या एजंटचा होता.

झेरॉक्स_विश्रामबाग

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं.

भाच्याला बसवून मधल्या पीसीवर आधी पेन ड्राइव्हवरनं चालू करून बघितलं. प्रिंटर वायर लावल्या लावल्या ओळखला, ड्रायव्हरची सीडी मागितली नाही, मी बघतच राहिलो. स्कॅनर त्याच्यातल्या डॉक्युमेंट स्कॅनरमधनं चालतोय. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याच्यातच आहे, मला इनस्क्रिप्ट येतं, पण कामाला असलेल्या पोरीला इंग्रजीत टाइप करून मराठी होणारं लागतं, त्याला भाच्यानं एम१७एन का काय ते टाकलं, तिची थोडी कुरकुर चालू आहे कारण काही अक्षरं वेगळीकडं आहेत. अंगठ्याचं मशीन काकांनी सांगितलं तसंच, नाही चाललं, ते एसएसडीवाल्या विंडोजवर ठेवलंय. एका सरकारी साइटचं डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर पण तिथंच. बाकी दोन पीसी मिंटवर गेले, एन्क्रिप्ट करून. डाउनलोड रॅममध्ये, कप्सचं नो केलं. मोबाइलची गॅलरी भाच्यानं नि मी मिळून रिकामी केली, टायमर २४ तास, बॅकअप बंद. वेग पण वाढलाय हे खरं, सकाळी पीसी चालू करून अगरबत्ती लावेपर्यंत आधी विंडोज फिरतच असायचं.

काउंटरवर कागद चिकटवला, 'प्रिंट झाल्यावर तुमची फाइल पुसली जाते. बघायची असेल तर दाखवतो.'

आता नवीनच त्रास. मला वाटलं लोक खूश होतील. पहिल्याच दिवशी हरिपूरचे एक नेहमीचे आजोबा आले, म्हणाले माझं आधार काढ. म्हणलं पाठवा. म्हणाले "पाठवा काय पाठवा, तुझ्याकडं आहे की, गेल्या वर्षी दिलंय." म्हणलं पुसलं. असले चिडले! "तुला कुणी सांगितलं होतं पुसायला, माझा मोबाइल साधा आहे, मी म्हणून तुझ्याकडं ठेवलं होतं." आणि ते एकटे नाहीत, त्यानंतर रोज कोण ना कोण येतंय, शेतकरी, पेन्शनवाल्या बायका, त्यांच्या हिशोबानं माझं दुकान म्हणजे त्यांची कागदाची पेटी होती नि मी ती न विचारता रिकामी केली. एक जण तर म्हणाला, "मग तुझ्याकडं येऊन फायदा काय, पलीकडचा ठेवतो." तर याला काय करायचं?

टर्मिनल_टग्या (कराड)

हाहाहा, प्रायव्हसी फुकट दिली तरी नको

सातारी_रूट

हसू नको रे, हा खरा प्रश्न आहे. त्या आजोबांना कागद एका विश्वासाच्या जागी पाहिजे, आणि त्यांच्यासाठी ती जागा सर्व्हर नाही, दादा आहेत.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन आहे त्यांना डिजीलॉकर उघडून द्या, आधारला जोडलेला नंबर चालू असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घ्या, हक्काचं काम आहे ते. साध्या फोनवाल्यांना पेन ड्राइव्ह नको, हरवतील नि व्हायरस घेऊन येतील ते वेगळंच. त्यांना आधारची एक चांगली प्रिंट लॅमिनेट करून द्या नि झेरॉक्स त्याच्यावरनंच काढा, स्कॅन करून साठवायचीच गरज नाही. पीसीशिवाय काम झालं तर सगळ्यात उत्तम. मी लिनक्सवाला असून सांगतोय.

कलम_एकवीस (मिरज)

आणि कुणी ठेवाच म्हणून हट्ट धरला तर तोंडी नको, छोट्या चिठ्ठीवर सही किंवा अंगठा घ्या, काय ठेवलंय, किती दिवस नि कशासाठी. ते कागद वेगळ्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात, डाउनलोडमध्ये नाही. ते आजोबा पुसून टाका म्हणाले की त्याच दिवशी पुसायचं, चिठ्ठी परत द्यायची.

कंदी_पेढा

चिठ्ठीची झेरॉक्स पण काढायची का मग 😄

पेजमेकर_काका (सांगली, गावभाग)

लॅमिनेशनला कितीचं घेता तुम्ही? माझ्याकडं मशीन पडून आहे, पाऊच पण आहेत, लागलं तर घेऊन जा. आणि भाच्याला रविवारी मोकळा वेळ असेल तर पाठवा, माझा बिलिंगचा पीसी असाच चौथ्या जनरेशनचा आहे, कोरल त्याच्यावर नाही. डीटीपीच्या मशीनला मात्र हात लावायचा नाही म्हणावं.

झेरॉक्स_विश्रामबाग

काका पाठवतो, फक्त त्याला अकराच्या आधी उठवणं तुमच्याकडं. रूट साहेब, लॅमिनेटची आयडिया आजच चालू केली. एकच विचारायचं राहिलं, ते मोठं झेरॉक्स मशीन सेकंडहँड घेतलेलं आहे, त्याच्या मेनूत 'हार्ड डिस्क इनिशियलाइज' असं दिसतंय, ते दाबलं तर सेटिंग पण जातील का नुसता डेटा?

सातारी_रूट

थांबा, दाबू नका आत्ता. बऱ्याच मशीनवर त्यानं ॲड्रेस बुक नि स्कॅन फोल्डरची सेटिंग पण जातात. आधी सेटिंगचं पान प्रिंट करून ठेवा, मॉडेल नंबर मला मेसेज करा, मॅन्युअल बघून सांगतो.